पार्सल कुठे अडकलं? देशातल्या आणि परदेशी पार्सलचा ऑनलाइन माग काढण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

पार्सलचा माग काढताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकाच गैरसमजात आहे. पडद्यावर जे गाव दिसतं तिथेच आत्ता पार्सल आहे, असं आपण धरून चालतो. खरं तर तिथे फक्त शेवटच्या स्कॅनची नोंद असते: कोणत्या कार्यालयात, किती वाजता, कोणी बारकोड वाचला एवढीच. दोन स्कॅनच्या मधे पार्सल ट्रकमध्ये असतं, रेल्वेत असतं, विमानतळावर बंद गोणीत असतं, आणि साइटला त्यातलं काहीच कळत नाही. म्हणून ट्रॅकिंग उघडल्यावर स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. शेवटचा स्कॅन कोणी केला? म्हणजेच आत्ता पार्सल कोणाच्या ताब्यात आहे? पुढचा प्रत्येक टप्पा या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठी आहे.

टप्पा १: पार्सल देतानाच करायची तयारी

ट्रॅकिंगची अर्धी कामं काउंटरवर होतात. घरी आल्यावर ती दुरुस्त करता येत नाहीत.

१. पावती हातात पडली की तिथेच उभं राहून पिनकोड वाचा. कोल्हापूरच्या बाजूचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात. आकडे उलटसुलट होऊन ४६१ झाले, तर पार्सल मध्य प्रदेशात नर्मदापुरमच्या दिशेने निघतं. पत्त्यात गावाचं नाव कितीही ठळक लिहिलं असलं, तरी छाटणी, म्हणजे कोणतं पार्सल कुठे पाठवायचं याची वर्गवारी, पिनकोडवरच होते.

२. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर नोंदवला आहे का ते पाहा. अनेक जण दोन्ही रकान्यांत स्वतःचाच नंबर देतात. मग डिलिव्हरीचे मेसेज आणि ओटीपी पुण्यातल्या पाठवणाऱ्याला येतात आणि नागपुरात दारात उभ्या असलेल्या पोस्टमनला कोणी काही सांगू शकत नाही.

३. पावतीवरचं वजन बघा. पार्सल फाटलेलं किंवा हलकं लागलं, तर हाच आकडा तुमचा पुरावा.

४. पावतीचा फोटो काढा आणि घेणाऱ्याला पाठवा. मशीनमधून निघणारी पावती उष्णतेने उमटवलेली असते. खिशात, उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ती काही आठवड्यांत पुसट होते.

५. वस्तू महागडी असेल तर विमा बुकिंगच्याच वेळी काढा. पार्सल हरवल्यावर मिळणारी साधी भरपाई फार मर्यादित असते, आणि नंतर विमा जोडता येत नाही.

परदेशी पार्सलसाठी आणखी एक काम आहे: त्या देशाची सेवा सध्या चालू आहे का, हे आधी विचारा. २०२५ मध्ये अमेरिकेने लहान पार्सलवरची करसवलत काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक सेवा थांबवली होती. ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. त्या काळात फराळाचे डबे बांधून बसलेल्यांची किती धांदल झाली असेल!

> तपासा: पावतीवर पिनकोड, घेणाऱ्याचा मोबाइल, वजन आणि नंबर, चारही गोष्टी नीट वाचता येत आहेत? नसतील तर काउंटर सोडू नका.

टप्पा २: हातातला नंबर कोणता आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ऑनलाइन खरेदीत किमान दोन नंबर असतात. ऑर्डर नंबर दुकानाचा असतो, तो फक्त दुकानाच्या ॲपमध्ये चालतो. कुरिअरच्या साइटवर लागतो तो ट्रॅकिंग नंबर, ज्याला कुरिअरवाले एअरवेबिल किंवा नुसतं एडब्ल्यूबी म्हणतात. ऑर्डर नंबर कुरिअरच्या चौकटीत टाकला की 'नोंद सापडली नाही' असं येतं आणि लोकांना वाटतं की पार्सलच हरवलं.

पोस्टाचा नंबर जगभर एकाच साच्यातला असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. भारतातून निघालेल्या वस्तूच्या शेवटी 'आयएन' असतं. पहिलं अक्षर सेवा सांगतं. 'ई' म्हणजे स्पीड पोस्ट, 'सी' म्हणजे पार्सल, 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, 'एल' म्हणजे माग काढता येणारं छोटं पाकीट. आणि 'यू' असेल, तर तो बारकोड फक्त कस्टमच्या, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या, कामासाठी आहे. परदेशी साइटवरून स्वस्तातली वस्तू मागवलीत आणि 'यू'ने सुरू होणारा नंबर मिळाला, तर दारापर्यंतच्या नोंदींची वाट बघू नका. त्या ठेवल्याच जात नाहीत. देशातलं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, हेही लक्षात असू द्या.

खासगी कुरिअरमध्ये आकड्यांची संख्या पाहून अंदाज येतो. डीएचएल एक्सप्रेसचा नंबर १० आकडी असतो, फेडेक्सचा साधारण १२ आकडी. यूपीएसचा १८ वर्णांचा असतो आणि '१ झेड'ने सुरू होतो.

पोस्टाच्या नंबरात एक सोय आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. नऊ आकड्यांपैकी शेवटचा आकडा हा आधीच्या आठांवरून काढलेला असतो. पावती पुसट असेल किंवा कोणी फोनवर नंबर सांगितला असेल, तर तो बरोबर आहे का हे कागदावर तपासता येतं:

१. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणा.
२. आठही गुणाकारांची बेरीज करा.
३. बेरजेला ११ ने भागा आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करा.
४. उत्तर १० आलं तर ० धरा, ११ आलं तर ५ धरा. हाच नववा आकडा असायला हवा.

उदाहरणार्थ १२३४५६७८ हे आठ आकडे घेतले, तर बेरीज २०४ येते. ११ ने भागल्यावर बाकी ६, आणि ११ वजा ६ म्हणजे ५. म्हणून पूर्ण नंबर १२३४५६७८५. नववा आकडा जुळत नसेल तर नंबर लिहिण्यातच चूक आहे. पार्सलची काळजी नंतर करा, आधी पावती परत बघा.

> सावधान: हाताने लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा आणि मराठी ७ इंग्रजी सहासारखा वाचला जातो. आजोबांनी वहीत टिपून ठेवलेला नंबर नातवाने वाचला की हमखास हे होतं. नंबर लिहून पाठवण्यापेक्षा फोटो पाठवा. साइटच्या चौकटीत आकडे आणि अक्षरं इंग्रजीच टाका, मधे जागा सोडू नका, शून्य आणि 'ओ' यांची गल्लत करू नका.

टप्पा ३: नंबर योग्य जागी टाका

पोस्टाचा नंबर भारतीय टपाल खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर, कुरिअरचा त्या कुरिअरच्या स्वतःच्या साइटवर. पत्ता स्वतः टाइप करा किंवा अधिकृत ॲप वापरा. शोधयंत्रात कुरिअरचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकून वर आलेला पहिला मोबाइल नंबर फिरवणं ही धोक्याची सवय आहे. फसवणारे लोक तिथे आपले नंबर पेरून ठेवतात.

१७ट्रॅकसारख्या, सगळ्या कंपन्यांची माहिती एकत्र दाखवणाऱ्या साइट परदेशी पार्सलसाठी उपयोगी आहेत, कारण दोन्ही देशांच्या नोंदी एका खाली एक दिसतात. पण त्या माहिती उसनी घेतात आणि कधी कधी मागे राहतात. माझं मत असं: पार्सल शोधायला त्या वापरा, तक्रार करायला मूळ साइटचाच स्क्रीनशॉट काढा.

बुकिंग केल्या केल्या नंबर दिसला नाही तर लगेच घाबरू नका. संध्याकाळी बुक केलेल्या वस्तूची पहिली नोंद दुसऱ्या दिवशीही दिसू शकते. दोन दिवस पूर्ण झाले आणि तरीही काहीच नाही, तर पावती घेऊन बुकिंगच्या ठिकाणी जा.

टप्पा ४: देशातल्या पार्सलच्या नोंदी वाचा

नोंदी खालून वर वाचा, कारण सगळ्यात नवी नोंद वर असते. स्पीड पोस्टचा क्रम साधारण असा: आयटम बुक्ड, मग आयटम बॅग्ड म्हणजे गोणीत भरलं, मग बॅग डिस्पॅच्ड म्हणजे गोणी निघाली, पुढच्या केंद्रात रिसीव्ह्ड, आणि शेवटी आउट फॉर डिलिव्हरी. मधे दिसणारं 'एनएसएच' हे छाटणीचं मोठं केंद्र असतं. शेजारच्या दोन तालुक्यांतलं पार्सलही आधी अशा केंद्रात जाऊन मग परत येऊ शकतं. पार्सल 'उलट दिशेला' गेलेलं दिसलं म्हणून तक्रार करू नका. गंतव्य पिनकोड बरोबर आहे एवढं पाहा.

तीन नोंदी लोक हटकून चुकीच्या वाचतात.

'लेबल क्रिएटेड' किंवा 'शिपमेंट इन्फर्मेशन रिसीव्ह्ड'. याचा अर्थ विक्रेत्याने फक्त चिठ्ठी छापली आहे. पार्सल अजून त्याच्याच गोदामात आहे. इथे कुरिअरला फोन करण्यात काही हशील नाही, विक्रेत्याला गाठा. दुकानाच्या ॲपमध्ये मात्र याच वेळी 'शिप्ड' असं दिमाखात लिहिलेलं असू शकतं.

'बॅग डिस्पॅच्ड', आणि त्यानंतर शांतता. गोणी वाटेत आहे. देशांतर्गत स्पीड पोस्टला लांबच्या पल्ल्यावर ४-५ दिवस लागू शकतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांची शांतता नेहमीची. सणासुदीला आणि पावसाळ्यात घाट बंद पडले की आणखी.

'आरटीओ'. इथे त्याचा परिवहन कार्यालयाशी संबंध नाही. पार्सल पाठवणाऱ्याकडे परत निघालं, असा त्याचा अर्थ. हा शिक्का एकदा बसला की पार्सल मधेच वळवणं फार कठीण, म्हणून त्याच्या आधीच्या नोंदींवर लक्ष हवं.

> तपासा: शेवटच्या नोंदीत कार्यालयाचं नाव आहे का? असेल तर ते टिपून ठेवा. तक्रार करताना 'पार्सल आलं नाही' यापेक्षा 'अमुक तारखेला अमुक केंद्रातून गोणी निघाली, पुढे स्कॅन नाही' हे वाक्य कितीतरी जास्त काम करतं.

टप्पा ५: परदेशी पार्सल, जातानाचं

समजा पुण्याहून जर्मनीला फराळ पाठवला आहे. पार्सल आधी देशातल्या पार्सलसारखंच मुंबईला येतं. पुढे परदेशी टपालाच्या कार्यालयात कस्टम तपासणी होते, आणि मग 'आउटवर्ड ऑफिस ऑफ एक्सचेंज'मधून निघाल्याची नोंद पडते. त्याच्या पुढची नोंद 'इनवर्ड ऑफिस ऑफ एक्सचेंज'ची, म्हणजे समोरच्या देशात पोचल्याची. या दोघांच्या मधे जी पोकळी असते ती सगळ्यांना छळते. गोणी विमानातल्या जागेची वाट पाहत असते, एखाद्या तिसऱ्या देशात विमान बदलत असते, आणि बंद गोणीतल्या पार्सलचा बारकोड कोणी वाचत नाही. काही दिवसांपासून ते दोन आठवड्यांपर्यंत ही शांतता राहू शकते. या काळात रोज चार वेळा साइट उघडून काहीही कळत नाही.

इथे क्रम असा ठेवा:

१. 'आउटवर्ड'ची नोंद पडेपर्यंत भारतीय टपालाची साइट बघा. तोवर पार्सल आपल्या खात्याच्या ताब्यात आहे.

२. ती पडली की तोच १३ वर्णांचा नंबर समोरच्या देशाच्या टपाल साइटवर टाका. अमेरिकेत यूएसपीएस, जर्मनीत डीएचएल, ऑस्ट्रेलियात ऑस्ट्रेलिया पोस्ट, कॅनडात कॅनडा पोस्ट. ब्रिटनमध्ये 'ई'ने सुरू होणारी पार्सलं पार्सलफोर्स ही कंपनी घरोघर पोचवते. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि भारतीय साइटवर जुनीच नोंद बघत बसतात, पार्सल मात्र तिकडे नोटीस लावून पडून असतं.

३. घेणाऱ्याला सांगा की त्याने तिकडच्या साइटवर या नंबरासाठी सूचना चालू कराव्यात. पुढची पत्रं, कराची मागणी आणि घ्यायला येण्याची मुदत सगळं त्यालाच कळवलं जाणार आहे.

४. वेळ वाचताना ती त्या गावची स्थानिक वेळ आहे हे लक्षात ठेवा. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते.

'हेल्ड बाय कस्टम्स' दिसलं की तिकडच्या घरच्यांना घाम फुटतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं: कस्टमसाठी भरलेल्या घोषणापत्रावरचं वर्णन. 'गिफ्ट' किंवा 'फूड आयटम्स' असं मोघम लिहिलं, तर युरोपात ते अडतं. प्रत्येक पदार्थ, त्याचं वजन, त्याची किंमत वेगळी लिहा: चकली ५०० ग्रॅम, चिवडा १ किलो, अशा रीतीने, इंग्रजीत समजेल असं वर्णन जोडून. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून टपालाने दूध आणि मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत, म्हणून पेढे आणि खव्याची बर्फी डब्यात घालू नका. एका बर्फीच्या पुड्यापायी सगळा डबा अडकू शकतो. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीला युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत आणि ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत करसवलत आहे. किंमत खोटी कमी लिहू नका. तपासणीत पकडलं गेलं तर पार्सल जातं, आणि हरवलं तर भरपाईही त्याच खोट्या आकड्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

टप्पा ६: परदेशातून येणारं पार्सल

इकडे येणारं पार्सल कोणत्या मार्गाने आलं यावर सगळं अवलंबून आहे.

टपालाने आलं असेल, तर कस्टम शुल्क ठरवतं आणि पोस्टमन डिलिव्हरीच्या वेळी ती रक्कम घेऊन पावती देतो. शंका असेल तर कस्टमकडून कागदपत्रं मागणारं पत्र येतं. खरेदीचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, हे सगळं एकाच उत्तरात पाठवा. तुकड्या-तुकड्यांनी कागद पाठवले की प्रत्येक वेळी फाइल पुन्हा रांगेत जाते.

खासगी कुरिअरने आलं असेल, तर ते केवायसी, म्हणजे तुमच्या ओळखीची कागदपत्रं, मागतात आणि शुल्क आधी भरायला लावतात. ही मागणी खरी असते. पण फसवणारेही नेमकं हेच मागतात. म्हणून मेसेजमधली लिंक कधीही उघडू नका. कुरिअरची साइट स्वतः उघडा, नंबर टाका, आणि तिथे केवायसी किंवा शुल्काची मागणी दिसली तरच पुढे जा.

आणि एक भ्रम. 'भेट म्हणून पाठवलंय, त्यावर शुल्क नाही' असं अजूनही लोक एकमेकांना सांगतात. भारतात येणाऱ्या भेटवस्तूंना ५,००० रुपयांपर्यंत मिळणारी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत.

> सावधान: 'पत्ता अपुरा असल्याने तुमचं पार्सल गोदामात अडकलं आहे, काही तासांत लिंकवर पत्ता भरा' असा पोस्टाच्या नावाचा मेसेज बनावट असतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉलवर थांबा' हा फोनही. कोणी स्टार २१ किंवा स्टार ४०१ ने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगितला तर करू नका. तुमचे कॉल त्यांच्या फोनवर वळतात आणि बँकेचे ओटीपी त्यांना मिळतात. चुकून केलाच असेल तर ##००२# डायल केल्याने कॉल वळवणं रद्द होतं. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. घरातल्या ज्येष्ठांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

टप्पा ७: डिलिव्हरीचा दिवस

'आउट फॉर डिलिव्हरी' दिसलं की फोन हाताशी ठेवा आणि अनोळखी नंबर उचला. ओटीपी मात्र पार्सल हातात आल्यावरच सांगा, फोनवर आधी कधीच नाही. खोका फाटलेला, ओला किंवा परत चिकटवलेला दिसला तर सही करण्याआधी फोटो काढा. टपालाचं असेल तर वजन करून मागा आणि पावतीशी ताडून पाहा.

तुम्ही घरी असूनही 'दार बंद' किंवा 'ग्राहक उपलब्ध नाही' अशी नोंद पडली, तर त्याच दिवशी हालचाल करा. स्क्रीनशॉट काढा, त्या दिवशीच्या कॉलची यादी जपा, आणि पुन्हा प्रयत्नाची मागणी साइटवरून नोंदवा. टपालाचं पार्सल असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पोस्टमन वाटपाच्या फेरीवर निघण्याआधी, ओळखपत्र आणि नंबर घेऊन पोस्टात गेलात की बहुधा तिथेच हातात मिळतं. टपाल कार्यालय अशी वस्तू साधारण ७ दिवस ठेवतं आणि मग परत पाठवतं.

'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि पार्सल नाही? आधी सोसायटीचा वॉचमन, शेजारी, ऑफिसचं टपाल घेणारा माणूस यांना विचारा. त्यानंतर कुरिअरकडे डिलिव्हरीचा पुरावा मागा: सही कोणाची, फोटो कोणत्या दाराचा.

टप्पा ८: खरंच अडकलं असेल तर

देशातल्या पार्सलसाठी शेवटच्या स्कॅननंतर ५ दिवस आणि परदेशी पार्सलसाठी दोन-तीन आठवडे थांबा, त्यानंतर थांबू नका. क्रम पाळा, कारण वरच्या पायरीवर गेलं की आधीच्या पायरीचा तक्रार क्रमांक विचारतात.

टपालासाठी: संकेतस्थळावर तक्रार नोंदवा किंवा १८०० २६६ ६८६८ वर फोन करा आणि क्रमांक घ्या. उत्तर मिळालं नाही किंवा नुसतंच 'चौकशी चालू आहे' असं आलं, तर केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर, म्हणजे तक्रार निवारणाच्या संकेतस्थळावर, तोच क्रमांक देऊन पुढे न्या.

खासगी कुरिअर किंवा ऑनलाइन दुकानासाठी: आधी कंपनीची तक्रार, मग तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून ग्राहक आयोगात जाता येतं, त्यासाठी मुदत २ वर्षांची आहे. ऑनलाइन खरेदीत भांडण दुकानाशी करा. पैसे तुम्ही दुकानाला दिलेत, कुरिअर त्याने नेमला आहे.

परदेशी टपालाची चौकशी ज्या देशातून पार्सल निघालं तिथे, पाठवणाऱ्याने सुरू करायची असते. जर्मनीतल्या मुलीने तिकडच्या पोस्टात हेलपाटे घालण्यापेक्षा पुण्यातल्या आई-वडिलांनी मूळ पावती घेऊन बुकिंगच्या पोस्टात अर्ज करावा. मुदत बुकिंगच्या दुसऱ्या दिवसापासून ६ महिने. अर्जासोबत पावतीची प्रत, घोषणापत्राची प्रत, दोन्ही देशांच्या साइटचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि आतल्या वस्तूंची यादी जोडा, आणि अर्ज मिळाल्याची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.